कलहाच्या क्षणी भाषासमिती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

 

संस्थेच्या आयुष्यातील पन्नास वर्षे हा कृतार्थतेचा टप्पा असतो. अशा प्रसंगी मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, धर्मशाळा, शिष्यवृत्ती, औषधालय यांची नोंद आवर्जून होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु ज्या एका गोष्टीवर हे सारे उभे असते तिची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही. पन्नास वर्षांत किती वेळा एखादी सभा मोडता मोडता सावरली गेली, किती वेळा एखाद्या वडीलधाऱ्याने ओठांवर आलेला शब्द गिळला, किती वेळा रात्री रागाने निघून गेलेला कार्यकर्ता सकाळी पूजेच्या वस्त्रांत पुन्हा हजर झाला, याचा जमाखर्च कोणी ठेवत नाही. संस्था आणि कुटुंबे पैशाच्या टंचाईने क्वचितच मोडतात. बहुधा ती एखाद्या संभाषणात मोडतात.

जैन कुटुंबात पाणी गाळून घेतले जाते, धान्य निवडताना जीवजंतूंची काळजी घेतली जाते, सूर्यास्तापूर्वी ताटे वाढली जातात. पाण्याला गाळणे लावणाऱ्या या संस्कृतीने शब्दालाही गाळणे दिलेले आहे. त्याचे नाव भाषासमिती. पाण्याचे गाळणे रोज वापरले जाते. शब्दाचे गाळणे मात्र पुष्कळदा पोथीत बांधून ठेवलेले असते, आणि ज्या क्षणी त्याची खरी गरज पडते त्या क्षणी ते हाताशी नसते. तो क्षण म्हणजे मन क्षुब्ध असतानाच्या बोलण्याचा. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

पापस्थानांत वाणीचा वाटा

प्रतिक्रमणात अठरा पापस्थानांची आलोचना केली जाते. ती यादी सावकाश वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. मृषावाद म्हणजे असत्य, कलह म्हणजे भांडण, अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ, पैशुन्य म्हणजे चहाडी, परपरिवाद म्हणजे निंदा आणि मायामृषावाद म्हणजे कपटाने सजवलेले असत्य. अठरांपैकी ही सहा स्थाने थेट वाणीची आहेत. एक तृतीयांश पाप जिभेवाटे येते, असा या गणनेचा सरळ अर्थ आहे. क्रोध, मान, माया, लोभ, राग आणि द्वेष ही आणखी सहा स्थाने मनात जन्मतात, पण बाहेर पडण्यासाठी त्यांनाही बहुधा शब्दाचाच दरवाजा लागतो.

श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रताचे अतिचारही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. त्यांतील पहिला सहसाभ्याख्यान, म्हणजे विचार न करता एखाद्यावर आरोप करणे. दुसरा रहस्याभ्याख्यान. विश्वासाने सांगितलेली किंवा एकांतातील गोष्ट उघड करण्याचा दोष त्यात येतो. घरातील कोणतेही मोठे भांडण आठवून पाहावे. त्याचा आरंभ बहुधा पहिल्या अतिचाराने झालेला असतो आणि त्याचा कडेलोट दुसऱ्याने. "तूच केलंस" इथून सुरुवात होते, आणि जिव्हाळ्याच्या घटकेला सांगितलेली एखादी दुखरी गोष्ट चारचौघांत बाहेर काढली जाते तेव्हा परतीची वाट बंद होते. व्रत घेणाऱ्या गृहस्थाचा संसार शास्त्रकारांनी किती जवळून पाहिला होता, याची ही साक्ष होय.

आठ ठिकाणचा पहारा

पाच समिती आणि तीन गुप्ती यांना अष्टप्रवचनमाता म्हणतात. आई मुलाला सांभाळते तशा या आठ जणी साधकाला सांभाळतात. समिती म्हणजे जपून केलेली प्रवृत्ती आणि गुप्ती म्हणजे निवृत्ती. वचनगुप्ती थांबावयास शिकविते, भाषासमिती बोलावयास शिकविते. ज्याला फक्त थांबता येते तो अर्धाच शिकला.

उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात भाषासमितीचे विवेचन करताना आठ गोष्टींविषयी सावध राहावयास सांगितले आहे : क्रोध, मान, माया, लोभ, हास्य, भय, वाचाळता आणि विकथा. हा उपदेश मुळात मुनींना उद्देशून आहे. तथापि गृहस्थाच्या घरासाठी याहून नेमकी यादी सापडणे कठीण. यात क्रोध एकटा नाही. क्रोधाच्या शेजारी भय आहे, आणि थट्टाही आहे. भांडणात दिसतो तो केवळ राग, पण त्या रागामागे या आठांपैकी कोण उभे आहे हे ओळखणे, हीच आत्मजागृती.

एक उदाहरण घेऊ या. गावातील एका पेढीचे काल्पनिक चित्र डोळ्यांसमोर आणावे. दोघे भाऊ एकत्र व्यापार करतात. दिवाळीचे वहीपूजन तोंडावर आले आहे. धाकटा संगणकावरची खाती पाहून म्हणतो, "दादा, मागच्या महिन्यात अठरा हजारांचा फरक येतोय. जरा बघता का?"

थोरला म्हणतो, "म्हणजे मी खाल्ले असं म्हणायचंय का तुला?"

"तुम्ही कधीच सरळ उत्तर देत नाही."

"अण्णा गेले तेव्हा तू कॉलेजात होतास. हे दुकान कोणी उभं ठेवलं?"

आतून वहिनींचा आवाज येतो, "बोला भाऊजी, अजून बोला. आमच्या कष्टांची हीच किंमत."

पाच वाक्ये झाली आणि अठरा हजार रुपये कुठल्या कुठे मागे पडले. आता प्रश्न दुकानाचा राहिला नाही, तर पंचवीस वर्षांच्या ऋणाचा झाला. यात कोणी दुष्ट नाही. थोरल्याच्या बोलण्यात राग ऐकू येतो, पण त्याच्या मुळाशी भय आहे. हिशेब वहीतून संगणकात गेला आणि उभे आयुष्य ज्या गादीवर बसून काढले तिथला कारभार हाताबाहेर जातो आहे, हे त्याला जाणवते. धाकट्याच्या बोलण्यातही राग ऐकू येतो, पण त्याच्या मुळाशी मान आहे. वयाची चाळिशी आली तरी घरात त्याला अजून "धाकटा" म्हणूनच वागविले जाते. वहिनींच्या उद्गारात उपहास आहे आणि त्याखाली न मिळालेल्या कौतुकाचे दुःख. तिघांनीही आपल्या मनातील खरी गोष्ट सांगितलेलीच नाही. तिघेही क्रोधाच्या भाषेत बोलले, कारण भय आणि अपमान यांच्या भाषेत बोलण्याची लाज वाटते. क्रोधाची तेवढी वाटत नाही.

दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात चार कषायांवर चार निरनिराळे उपाय सांगितले आहेत. क्रोधावर उपशम, मानावर मृदुता, मायेवर सरळपणा आणि लोभावर संतोष. उपाय वेगळे आहेत याचाच अर्थ निदान आधी व्हावयास हवे. मानाने दुखावलेल्या माणसाने नुसते मौन धरले तर तो बाहेरून शांत दिसेल, पण आतला मान तसाच राहील आणि दुसऱ्या वाटेने बाहेर येईल. कषाय या शब्दाची फोड कष म्हणजे संसार आणि आय म्हणजे लाभ अशी केली जाते. ज्याने भवभ्रमण वाढते तो कषाय. एका संध्याकाळच्या भांडणाने संसार कसा वाढतो हे पाहावयास परलोकापर्यंत जावे लागत नाही. पुढच्या पिढीतील चुलत भावंडे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, हा त्याचा इथेच दिसणारा विस्तार आहे.

थांबण्याची कला

निदान करावयाचे तर क्षणभर थांबले पाहिजे, आणि नेमके तेच त्या वेळी जमत नाही. इथे शरीर मदतीला येते. मनाने क्रोध कबूल करण्यापूर्वी शरीराने तो कबूल केलेला असतो. कानशिले तापतात, श्वास वरवर होतो, आवाज चढतो, जबडा आवळला जातो, बोट समोरच्याकडे रोखले जाते. ज्याला आपल्या शरीराची पहिली खूण ठाऊक आहे, त्याला दोन-चार क्षणांची उसंत मिळते. तेवढी पुष्कळ असते.

आधुनिक मानसशास्त्रानेही या वाटेवर काही पावले टाकली आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना भावनांनी भरलेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखवली गेली. चेहऱ्यावरील भावनेला शब्दात नाव दिले, तेव्हा मेंदूतील अमिग्डाला या भावनाप्रधान भागाची हालचाल मंदावलेली आढळली. आलोचनेतही साधक दोषाचे नाव घेतो. "मज क्रोध आला", "मज मान झाला" असे म्हणताना क्रोध आणि त्याला पाहणारा यांत अंतर पडते. भेदविज्ञानाचा हा अगदी छोटा, घरगुती पाठ आहे. "मी रागावलो" आणि "माझ्यात राग उठला आहे" या दोन वाक्यांत फरक थोडा दिसतो, पण पहिल्यात माणूस रागाच्या आत असतो आणि दुसऱ्यात काठावर.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे पती-पत्नींच्या संभाषणांचा अभ्यास केला. संभाषणाची सुरुवात कठोर झाली तर शेवटही बहुधा तसाच होतो, हा त्यांचा एक निष्कर्ष. नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले की समोरच्याचे ऐकून घेण्याची शक्ती क्षीण होते, म्हणून अशा वेळी किमान वीस मिनिटे बाजूला व्हावे, असा त्यांचा सल्ला आहे. जैन गृहस्थाजवळ याहून मोठा अवकाश आधीच आहे. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. वाद विकोपाला जात असताना "एक सामायिक करून येतो, मग बोलू" असे म्हणून उठणे यात पळपुटेपणा नाही. मात्र दोन अटी पाळाव्यात. परत येण्याची वेळ सांगून उठावे, म्हणजे समोरच्याला टाकून दिल्यासारखे वाटणार नाही. आणि त्या ४८ मिनिटांत कटासनावर बसून पुढच्या उत्तराची जुळवाजुळव करू नये. तसे केले तर ते सामायिक होत नाही, ती वकिली होते.

चार रेषा आणि चार मुदती

क्रोधाचे चार प्रकार सांगताना शास्त्रकारांनी चार रेषांची उपमा दिली आहे. पाण्यावरची रेषा, वाळूतील रेषा, जमिनीला पडलेली भेग आणि पर्वताला गेलेला तडा. संज्वलन, प्रत्याख्यानावरण, अप्रत्याख्यानावरण आणि अनंतानुबंधी असा हा चढता क्रम. मानालाही अशीच उपमा आहे. वेत सहज वाकतो, लाकूड प्रयत्नाने वाकते, हाड मोठ्या कष्टाने, आणि दगडी खांब वाकतच नाही.

श्वेतांबर कर्मग्रंथांत या चार प्रकारांच्या मुदती अनुक्रमे एक पक्ष, चार महिने, एक वर्ष आणि आजीवन अशा दिल्या आहेत. दिगंबर परंपरेत गोम्मटसारात त्या याहून कडक आहेत. तिथे संज्वलनाला अंतर्मुहूर्ताचीच मुदत आहे, त्यापुढील दोहोंना पंधरा दिवस आणि सहा महिने, आणि अनंतानुबंधीचा संस्कार तर भवोभवी चालतो. आता पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण श्वेतांबर मुदतींशेजारी ठेवून पाहावे. पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष. प्रत्येक प्रतिक्रमण म्हणजे एकेका रेषेला घातलेली सीमा आहे. पाण्यावरची रेषा वाळूत उतरू नये, वाळूतील रेषा भेग होऊ नये, आणि संवत्सरी ओलांडून कोणताही क्रोध दगडात जाऊ नये. भावाशी अबोला धरून ज्याने दोन संवत्सऱ्या काढल्या, त्याच्या उपवासांची संख्या कितीही मोठी असो, त्याने आपली रेषा एकदा तपासून पाहावी.

यातून व्यवहारातील एक नियम निघतो. राग आला की नाही, हा साधकाचा पहिला प्रश्न नव्हे. गृहस्थाला राग येणारच. तो किती वेळ टिकला, हा खरा प्रश्न. गेल्या वर्षी जो रुसवा महिनाभर चालला तो यंदा आठवड्यात मिटला, तर तीही साधनेतील प्रगतीच आहे.

गौतमस्वामींचे परत जाणे

उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात आनंद श्रावकाची कथा येते. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य गृहस्थ व्रतस्थ जीवनाच्या अखेरीस पौषधशाळेत संथारा घेऊन पडला होता. त्याला अवधिज्ञान झाले. भिक्षेसाठी निघालेले गौतमस्वामी त्याची वार्ता ऐकून भेटीस गेले. उठण्याचीही शक्ती नसल्याने आनंदाने त्यांना जवळ येण्याची विनंती केली आणि चरणी मस्तक ठेवले. मग आपल्या ज्ञानाची व्याप्ती सांगितली. गृहस्थाला अवधिज्ञान होते, पण इतके विस्तृत होत नाही, असे गौतमस्वामींना वाटले. त्यांनी आनंदाला आलोचना करून प्रायश्चित्त घेण्यास सांगितले.

एका बाजूला भगवंतांचे पहिले गणधर, दुसऱ्या बाजूला मृत्युशय्येवरचा गृहस्थ. आनंदाने वाद घातला नाही आणि भीतीने मागेही घेतले नाही. त्याने विनयाने एक प्रश्न विचारला : जिनशासनात सत्य बोलणाऱ्याला प्रायश्चित्त असते की असत्य बोलणाऱ्याला? असत्य बोलणाऱ्याला, असे उत्तर आले. तेव्हा आनंद म्हणाला की, मग ते आपणच घ्यावे.

पुढचा प्रसंग या कथेचा प्राण आहे. शिष्यांचा एवढा परिवार असलेल्या गुरूंना एका श्रावकाने असे सुनावले. गौतमस्वामी रागावले नाहीत. त्यांच्या मनात शंका उत्पन्न झाली, आणि ती शंका त्यांनी आपल्या प्रतिष्ठेच्या बाजूने सोडवली नाही. ते थेट भगवान महावीरांकडे गेले आणि घडले ते सांगितले. आनंदाचे म्हणणे खरे आहे, गौतमा, तूच आलोचना कर आणि त्याची क्षमा माग, असा निर्णय भगवंतांनी दिला. चार ज्ञानांचे धनी गौतमस्वामी तसेच परत गेले आणि त्यांनी आनंद श्रावकाची क्षमा मागितली.

या कथेत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. लहानाने मोठ्याला सत्य सांगताना विनय सोडू नये, आणि विनयासाठी सत्यही सोडू नये. आनंदाने दोन्ही राखले. दुसरी गोष्ट, वाद निर्णायक वळणावर आला तेव्हा गौतमस्वामींनी तो तिथेच जिंकण्याचा हट्ट धरला नाही. जिथून शंकेचे निरसन होईल तिथे ते गेले. तिसरी गोष्ट, क्षमा मागण्यास ते स्वतः चालत गेले. निरोप पाठविला नाही. ज्या घरात बापाने मुलाची, सासूने सुनेची, अध्यक्षाने साध्या सभासदाची क्षमा मागण्याची रीत नाही, त्या घराने ही कथा पर्युषणात पुन्हा पुन्हा ऐकावी.

समोरच्याच्या मानाला कसे स्पर्शावे

स्वतःचा कषाय ओळखणे हे अर्धे काम झाले. समोरचा कषायात असताना त्याच्याशी बोलावे कसे, हे उरलेले अर्धे. त्याचा आदर्श बाहुबलींच्या चरित्रात आहे. भरतावर उगारलेली मूठ त्यांनी अर्ध्यावर थांबविली आणि संसाराचा त्याग केला. वर्षभर ते कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान झाले नाही. आपल्याआधी दीक्षित झालेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, ही सूक्ष्म बोच मनात होती, असे श्वेतांबर परंपरा सांगते. दिगंबर आचार्यांनी ही कथा वेगळी सांगितली आहे. तिथे भरताला आपल्यामुळे क्लेश झाला हा विचार बाहुबलींच्या मनात राहिला होता, आणि भरताने येऊन पूजा केल्यावर तो निमाला. दोन्ही परंपरांत अखेरची गाठ भावाभावांतीलच आहे, हे लक्षणीय होय.

श्वेतांबर कथेत ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनी येतात आणि भावाला एवढेच सांगतात की, हत्तीवरून खाली उतरावे. त्यांनी त्याला अहंकारी म्हटले नाही. वर्षभराच्या तपाचा हिशेब मागितला नाही. एक प्रतिमा पुढे ठेवली आणि तिचा अर्थ लावण्याचे काम त्याच्यावरच सोपविले. हा कोणता हत्ती, असा विचार करता करता बाहुबलींना उत्तर सापडले. त्यांनी पाऊल उचलले आणि केवलज्ञान प्रगटले. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर २८ फुटी शुभ्र मूर्तीपुढे उभे राहणाऱ्या प्रत्येक भाविकाने क्षणभर त्या बहिणींचेही स्मरण करावे. दोष दाखविताना माणसाची उंची कमी करावी लागत नाही, हे त्यांनी शिकविले.

"नेहमी" आणि "कधीच"

अनेकांताचा उल्लेख जैन सभांमधून अभिमानाने होतो. त्याचा खरा कस मात्र स्वयंपाकघरात आणि पेढीवर लागतो. एका अपेक्षेने पाहिलेले सत्य म्हणजे नय, आणि तेच संपूर्ण सत्य आहे असा आग्रह म्हणजे दुर्नय. भांडणातील दुर्नय ओळखण्याच्या दोन खुणा आहेत, "नेहमी" आणि "कधीच" हे दोन शब्द. "तुम्ही कधीच सरळ उत्तर देत नाही" हे एकांत-वचन आहे, म्हणून ते ऐकणाऱ्याला त्यातील सत्यांशही मान्य होत नाही. "काल मी दोनदा विचारलं, उत्तर मिळालं नाही, आणि मला वाटलं की माझ्यावर अजून विश्वास नाही" या वाक्यात काळ आहे, घटना आहे, बोलणाऱ्याची अपेक्षा आहे. स्यात् या शब्दाचे घरगुती भाषांतर करावयाचे तर ते "माझ्या बाजूने पाहता" असे होईल.

त्या पेढीवर परत जाऊन पाहावे. थोरल्याने पहिला शब्द येण्यापूर्वी तापलेली कानशिले ओळखली असती, तर तो म्हणाला असता, "हिशेब विचारलास की मला वाटतं, माझ्यावर संशय घेतोस. तसं काही आहे का तुझ्या मनात?" धाकटा म्हणाला असता, "नाही दादा. पण चुकलं असेल तर माझ्याकडूनही असेल, म्हणून दोघांनी मिळून बघावं असं वाटलं." मग वही आणि संगणक शेजारी ठेवले असते, आणि कदाचित परत गेलेल्या मालाची नोंद राहून गेल्याचे आढळले असते. कदाचित काही वेगळेच आढळले असते. काहीही आढळो, ते दोघांनी एका बाजूला बसून पाहिले असते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्षमा आणि मौन यांचा अर्थ अन्याय झाकणे असा कोणी करू नये. अबोला हे वचनगुप्तीचे नाव घेतलेले द्वेषाचे रूप असू शकते. सुनेचा छळ होत असेल, कोणाला मारहाण होत असेल, न्यासाच्या पैशाचा अपहार होत असेल, तर तिथे बोलणे हेच कर्तव्य आहे आणि कायद्याचा आधार घेणे यात अधर्म नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये याच कारणासाठी झाला. पीडितेला "सहन कर, कर्मनिर्जरा होईल" असे सांगणारा मनुष्य धर्म सांगत नाही, तो अपराध्याची सोय पाहतो. दशवैकालिकाच्या वाक्यशुद्धी नावाच्या सातव्या अध्ययनात खरे असूनही कठोर आणि जीवघेणे वचन टाळावयास सांगितले आहे. त्याचा रोख भाषेच्या कठोरपणावर आहे. सत्य सांगूच नये, असे तिथे म्हटलेले नाही.

क्षमेतील दहा पळवाटा

शब्द निसटतोच. मग उरते क्षमापना. आलोचनेचे दहा दोष दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत सांगितले आहेत. ते गुरूंपुढील आलोचनेचे आहेत, पण घरातील क्षमायाचनेलाही चपखल लागू पडतात. आधी सेवा करून, गोड बोलून गुरूंना वितळवावे आणि मग दोष सांगावा, हा आकंपित. शिक्षा सौम्य मिळेल असा अंदाज घेऊन सांगणे, हा अनुमानित. जेवढे कोणी पाहिले तेवढेच कबूल करणे, हा दृष्ट. मोठेच दोष सांगून बारीक लपविणे, हा बादर, आणि बारीक सांगून मोठे लपविणे, हा सूक्ष्म. ऐकू जाणार नाही असे पुटपुटणे, हा छन्न. गोंगाटात उरकून घेणे, हा शब्दाकुलित. एकच दोष अनेकांना सांगत फिरणे, हा बहुजन. ज्याला जाण नाही अशाकडे सांगणे, हा अव्यक्त. आणि ज्याने तोच दोष केला आहे त्याच्याचकडे सांगून दिलासा मिळविणे, हा तत्सेवी.

संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या दिवशी मोबाईलवरून शेकडो जणांना एकाच वेळी "मिच्छामि दुक्कडं" पाठविले जाते. त्यात शब्दाकुलित आणि बहुजन या दोषांची छाया आहे किंवा नाही, याचा ज्याने त्याने विचार करावा. स्नेहभावाने पाठविलेल्या संदेशात वाईट काही नाही. पण ज्यांच्याशी कधी भांडण झाले नाही अशा तीनशे जणांची क्षमा मागून, ज्या एकाशी झाले त्याचे दार टाळले जाते. खरी क्षमायाचना एका माणसाची असते, एका नेमक्या गोष्टीबद्दल असते आणि तिच्यात "पण" नसतो. "चुकलं माझं, पण तूही..." या वाक्यात "पण"च्या आधीचे सारे पुसले जाते.

उत्तराध्ययनाच्या एकोणतिसाव्या अध्ययनात क्षमापनेचे फळ चित्ताची प्रसन्नता असे सांगितले आहे. त्या प्रसन्नतेतून सर्व जीवांविषयी मैत्री उत्पन्न होते आणि मैत्रीतून निर्भयता. या क्रमात समोरच्याने क्षमा केलीच पाहिजे, अशी अट कुठेही नाही. त्याने दार उघडले नाही, तरी दारापर्यंत गेलेला मनुष्य हलका होऊन परततो.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत इमारती वाढतील, निधी वाढेल, नवी पिढी कारभार हाती घेईल. तिच्याबरोबर नवे मतभेदही येतील. मतभेद नसलेली संस्था झोपलेली असते. विश्वस्तांनी सभेच्या आरंभी नवकार म्हणावा तसे वादाच्या विषयाआधी एक मिनिट शांत बसावे. ठरावावर बोलताना ठराव मांडणाऱ्यावर बोलू नये. सभेत तुटलेला धागा पुढच्या पक्खीपर्यंत जोडावा. एवढे तीन नियम पाळले गेले तर शताब्दीच्या स्मरणिकेत नोंद करण्याजोगे पुष्कळ काही शिल्लक राहील.

घराघरांतून पाण्याच्या गाळण्याशेजारी शब्दाचे गाळणेही रोज वापरात येवो, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.